वरवंट्याचं भाडं

“दहा किलो तीनशे,” ती मुलगी म्हणाली.

“शक्य नाही,” मी म्हणाले.

पुण्याच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या रांगेच्या तोंडाशी विमान कंपनीने वजनकाटा मांडला होता. हातातली बॅग सात किलोंच्या आत असेल तर तिला हिरवी चिठ्ठी लागायची आणि माणूस पुढे सरकायचा. माझी बॅग नुकतीच सहा किलो आठशे भरली होती. आता काट्यावर माझ्या सासूबाईंची बॅग होती आणि तिच्यामागचा आकडा लाल झाला होता.

“ही बॅग मी स्वतः भरली आहे. काल संध्याकाळी वजन केलंय. सहा किलो नऊशे.”

“घरचा काटा असेल मॅडम.”

“घरचा नाही. कामावरचा.”

मी तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत होते. कारखान्यांचे, औषध कंपन्यांचे, दूध संघांचे वजनकाटे तपासून ते बरोबर आहेत की नाहीत, हे सांगणं हेच माझं काम. काल वापरलेला टांगता काटा माझ्या पर्समध्ये होता. तो चुकेल हे मला मान्य होण्यासारखं नव्हतं.

“तुमचा काटा चुकतोय,” मी म्हणाले.

मुलीच्या छातीवर ऋतुजा असं नाव होतं. ती थकलेली होती, पण उद्धट नव्हती. “मॅडम, आत्ता तुमची बॅग बरोबर दाखवली ना त्याने?”

“कमी वजनाला बरोबर असलेला काटा जास्त वजनाला चुकू शकतो.”

माझ्या मागे एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. त्यांच्या बॅगेला आधीच चिठ्ठी लागली होती, सहा किलो दोनशे. मी त्यांना विचारलं, “तुमची बॅग माझ्या बॅगेवर ठेवू का?”

“ठेवा की,” ते म्हणाले. “विमान काय, उद्याही असेल.”

दोन्ही बॅगा एकावर एक ठेवल्या. काटा तेरा किलोवर स्थिर झाला. दशांश चिन्हापुढे शून्य. रांगेतून कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. ऋतुजाने फक्त आकड्याकडे हात केला.

तेव्हा इतका वेळ छताकडे बघत उभ्या असलेल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, “काटा बरोबर आहे गं त्यांचा.”

मी बॅग खाली घेतली आणि तिथेच फरशीवर उघडली. वर मी ठेवलेल्या दोन साड्या, त्याखाली मी ठेवलेले अळिवाचे लाडू, मग झबली आणि टोपडी. सगळं जिथल्या तिथे. आणि सगळ्यात खाली, मी न ठेवलेलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी. तुकडा सोडायच्या आधीच मला कळलं. आमच्या स्वयंपाकघरातला वरवंटा होता.

ऋतुजा वाकून बघत होती. “काकू, मसाला वाटायला?”

“एरवी वाटायलाच,” आई म्हणाल्या. “उद्या बारशाला पाळण्यात घालायचाय. बाळाच्या आधी हा जातो.”

“हो, हो. आमच्याकडं इंदापूरला पण असतंय.”

“मग सोडा त्यांना,” मागचे गृहस्थ म्हणाले. “लहान बाळ सोबत असलं की आधी सोडतात ना?”

रांग हसली. मी हसले नाही.

“काकू, पण वर नाही नेता येणार हो,” ऋतुजा म्हणाली. “वजनाचं राहू दे, सिक्युरिटीवालेच काढून घेतील. कोणाच्या डोक्यात घातला तर?”

“कोण घालणार?”

“मी नाही म्हणत. नियम म्हणतोय.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. “आत्ता या घडीला माझी सून घालेल,” त्या म्हणाल्या.

आम्ही बाजूला झालो. खांबाशेजारी दोन खुर्च्या होत्या. आई एकीवर बसल्या, मी उभी राहिले. माझा राग समजायचा तर आधीचे पाच महिने सांगायला हवेत. माझी नणंद चारुता कोचीला असते, तिचा नवरा श्रीजित तिथलाच. तिला सहावा महिना लागला तेव्हाच मी आमची स्वस्तातली तिकिटं काढली होती. या कंपनीची तिकिटं स्वस्त का असतात, ते मी अटी वाचून समजून घेतलं होतं. सामानाचे पैसे वेगळे, म्हणून सामान द्यायचंच नाही. जागा निवडायचे पैसे वेगळे, म्हणून मिळेल तिथे बसायचं. विमानतळावर बोर्डिंग पास छापून घेतला तर त्याचेही पैसे, म्हणून कागद घरून छापून आणायचे. डबा घरचा आणि बाटल्या रिकाम्या. पाणी आत गेल्यावर नळावर भरायचं. बारशाची तारीखसुद्धा मी तिकिटांवरून सुचवली होती. त्यावर आई म्हणाल्या होत्या, “बारसं बाराव्या दिवशी असतं, विमानाच्या सोयीनं नाही.” पण ठरलं ते विमानाच्याच सोयीनं. बाळ आता महिन्याचं होतं.

एवढं करून ऐन दारात माझ्यासमोर एक दगड होता.

“आई, मी बॅग भरली तेव्हा हा नव्हता.”

“नव्हता.”

“मग कधी घातलात?”

“तू गॅस बंद आहे का बघत होतीस ना, तिसऱ्यांदा. तेव्हा.”

“आणि निरंजनने ती गाडीत ठेवली. त्याला जड नाही लागली?”

“लागली. मी म्हटलं, गप्प बस, तिला सांगू नकोस.”

मी निरंजनला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. आम्हाला सोडून तो साताऱ्याला परत निघाला होता.

“खंबाटकी घाट ओलांडला मी,” तो म्हणाला. फोन कशासाठी आहे ते त्याला माहीत असल्याचं आवाजावरून कळत होतं.

“गाडी वळव. तुझ्या आईंचा वरवंटा घेऊन जा.”

“आता? अगं, मी पोचेपर्यंत तुमचं विमान...”

“तो मी इथल्या माणसांकडे ठेवते. तू फक्त ये.”

आईंनी हात पुढे केला. मी फोन दिला. “निरंजन, येऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “गाडी सावकाश चालव. जेवण झाकून ठेवलंय.” आणि फोन बंद करून माझ्या हातात परत दिला.

ऋतुजा दोन माणसांच्या मधल्या वेळात आमच्याकडे आली. “काकू, बॅग लगेजमध्ये टाका. काउंटर थोड्या वेळात बंद होईल. ऑनलाइन आधी घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. आता इथल्या दरानं.”

“किती?” मी विचारलं.

तिने सांगितलं. दोन हजार चारशे.

“माणसाचं तिकीट अठराशेला आहे.”

“हो मॅडम. बॅगेचं वेगळं.” हे वाक्य ती दिवसातून पुष्कळदा म्हणत असणार, त्यात राग, लोभ काहीच उरलं नव्हतं.

ती गेल्यावर मी आईंसमोर बसले. “हे बघा. कोचीत दगड मिळतात.”

“मिळत असतील.”

“श्रीजितच्या आईंकडे वाटायचा दगड नक्की असेल. खोबरं वाटल्याशिवाय त्यांचा एक दिवस जात नाही. तोच सजवू.”

“तो त्यांच्या घरचा झाला.”

“दगडाला काय कळतं, कोणाच्या घरचा ते?”

“दगडाला नाही कळत,” आई म्हणाल्या.

त्यांनी वरवंटा उचलून मांडीवर घेतला आणि लुगड्याचा तुकडा नीट गुंडाळला. त्या महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याला काळा चष्मा होता. विमानतळावर काळा चष्मा लावून मांडीवर गुंडाळलेला दगड घेऊन बसलेली ती बाई. येणारे-जाणारे बघत होते, आणि बरोबरची बाई म्हणून माझ्याकडेही.

“आई, मी पैसे भरणार नाही. दगड इथे ठेवायचा. माणसं जाणार.”

“मग तू जा. बारसं कर. मी एसटीनं साताऱ्याला जाते.”

“तुमच्या मुलीच्या मुलीचं बारसं आहे.”

“माहीत आहे मला.”

त्या हे धमकी म्हणून म्हणत नव्हत्या. त्या एसटी किती वाजता आहे याचा विचार करत होत्या, हे मला दिसत होतं. आणि म्हणूनच मला काही समजत नव्हतं. डॉक्टरांनी चारुताला प्रवास करू दिला नाही, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही. आईंनी तिकडे जायचं ठरवलं, तर डोळा आडवा आला. ती सगळी झबली त्यांनी एका डोळ्याने शिवली होती. रोज संध्याकाळी चारुताला फोन करून बाळाच्या रडण्याचा आवाज ऐकायच्या आणि कशासाठी रडतंय ते इकडून सांगायच्या. ते बाळ आता एका विमानाच्या अंतरावर होतं, आणि दगड घेता येत नसेल तर त्यांना जायचं नव्हतं.

त्या वरवंट्याचं आणि माझं फारसं बरं नव्हतं. काळा, मधे थोडा झिजलेला, ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असायचा. आमच्या आळीत कुठेही बारसं असलं की तो मागायला येत. जाताना धुऊन जायचा, येताना हळदीकुंकू लावून यायचा. दिलेला परत येतोच, कारण घरचा वरवंटा कोणी ठेवून घेत नाही. आमच्या घरात मुलींना लग्नात भांडीकुंडी दिली, पण वरवंटा दिला नाही. तो त्या घरच्या पुढच्या बाळाचा, अशी रीत. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. परत आणून देताना बायका तो माझ्याच हातात द्यायच्या आणि काहीतरी म्हणायच्या. परचुरेकाकूंचं ठरलेलं असायचं: “याला आता तुमच्याच घरात नटायचंय हं.” मी तो घेऊन कोपऱ्यात ठेवायचे.

आदल्या वर्षी आम्ही औषधोपचार थांबवले. थांबवायचं मीच ठरवलं. आकडे मला वाचता येत होते. आम्ही दोघांनी आईंना समोर बसवून सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या आणि उठून दुधाखालचा गॅस बंद केला. पुढे वर्षभरात त्या विषयावर त्यांनी शब्द काढला नाही. त्या “बरं”चा अर्थ मी लावून ठेवला होता. तो माझ्या बाजूचा नव्हता.

“सगळे काउंटर बंद होतायत, काकू,” ऋतुजाने लांबून सांगितलं.

आई उठल्या नाहीत. मी उठले.

काउंटरवरच्या माणसापुढे मी कार्ड आपटलं, म्हणजे आपटण्याइतकंच जोरात ठेवलं. आई पर्समधून नोटा काढायला लागल्या. “राहू द्या,” मी म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले त्यापेक्षा घेतले असते तर बरं झालं असतं.

“सुकं खोबरं आहे का सामानात?” त्याने विचारलं. “तेल असतं त्यात, सामानात चालत नाही. पेटतं.”

“नाही,” मी म्हणाले. “मी यादी वाचलेली आहे. काढून टाकलंय.”

आईंनी मुकाट्याने पर्समधून खोबऱ्याची वाटी काढली आणि काउंटरवर ठेवली. “ओटीला घेतली होती. हे सामान नाही, पर्स आहे,” त्या त्याला म्हणाल्या. “पण विचारताय म्हणून दाखवली.”

त्याने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “पर्समधली राहू द्या,” तो म्हणाला. “नाजूक काही?”

“आहे,” आई म्हणाल्या.

“दगड आहे, आई.”

“चिकटवा हो तुम्ही.”

त्याने पट्ट्यावर ढकलायच्या आधी बॅगेवर काचेच्या पेल्याचं चित्र असलेली लाल चिठ्ठी चिकटवली. बॅग रबरी पडद्याआड गेली. आई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चल. आता सावकाश जाऊ.”

सुरक्षा तपासणीत माझी पर्स अडवली. जवानाने माझा टांगता काटा बाहेर काढला आणि त्याचा हूक बोटाने तपासला.

“ये क्या है?”

“वजन काटा.”

“हुक नुकीला है. नहीं जाएगा.”

मी त्याला समजावलं की या हुकाने बॅग उचलतात. तो म्हणाला की ते तो समजतो. मी म्हणाले की याचं प्रमाणपत्र आहे. तो म्हणाला की प्रमाणपत्र जाऊ शकतं. माझी चार वर्षांची सोबत असलेला तो काटा एका निळ्या ट्रेमध्ये कात्र्या, लायटर आणि नेलकटरच्या ढिगात पडला.

आई पलीकडच्या बाजूला चपला घालत उभ्या होत्या. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “कोचीत मिळतात.”

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

पाण्याचा नळ शोधला, तो बंद होता. दुसरा शोधला. परत येऊन बसले तोवर आमच्या विमानाचं दार बदललं होतं, आणि नवं दार अगदी दुसऱ्या टोकाला होतं. आईंचे गुडघे दुखत होते. त्या चालत होत्या, थांबत होत्या, दुकानातल्या पाटीवरची किंमत मोठ्याने वाचत होत्या. “सामोसा एकशे ऐंशी,” त्या म्हणाल्या. नव्या दाराशी बसून आम्ही घरच्या दशम्या आणि चटणी खाल्ली. चटणी मिक्सरवर केलेली होती. आईंनी पहिला घास घेतला, पण त्यावर नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत.

रांग लागली तेव्हा मला राहवलं नाही.

“परतीच्या वेळी काय करायचं ते आत्ताच सांगा,” मी म्हणाले. “म्हणजे आजच ऑनलाइन पैसे भरते. निदान स्वस्तात पडेल.”

“कशाचे?”

“वरवंट्याचे. परत आणायला.”

“परत नाही आणायचा.”

रांग एक पाऊल पुढे सरकली. मी सरकले नाही. मागच्या माणसाची बॅग माझ्या टाचेला लागली.

“घरचा वरवंटा आहे, आई.”

“हो.”

“तुम्हीच सांगता ना, मुलींना देत नाहीत म्हणून.”

“देत नाहीत. मी देतेय.”

मला जे वाटलं ते मी सांगून टाकते. मला वाटलं, म्हणजे आता झालं. वर्षभर जे बोलल्या नाहीत, ते आज दगड उचलून बोलल्या. घरात याचं काम उरलेलं नाही, म्हणून जिथे आहे तिथे निघाला. आणि तोही मीच भरलेल्या बॅगेत, माझ्याच हातून पैसे भरून.

“तुम्ही ठरवून टाकलंत,” मी म्हणाले.

“तुम्ही दोघांनी ठरवलंत. मी ऐकलं,” आई म्हणाल्या. मग काळा चष्मा थोडा वर सरकवला आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक डोळा अजून लाल होता. “तू ओट्यापाशी उभी राहतेस ना, ती त्याच्याकडं पाठ करून राहतेस. पोळ्या उलट्या बाजूनं लाटतेस. मला आधी वाटायचं, उजेडासाठी. चटणी मिक्सरवर करतेस, मला वाटायचं आळशी आहे. मग एक दिवस बघितलं, तू तो पुसतानासुद्धा बघत नाहीस त्याच्याकडं.”

रांग पुन्हा सरकली, तशी मीही सरकले.

“परचुरेवहिनी त्या दिवशी आल्या. त्यांचं ते नेहमीचं बोलून गेल्या. तू ऐकलंस, मीही ऐकलं. किती जणींची तोंडं धरू मी? कोणाला काय सांगू? तूच सांगितलेलं तुझं, मी आळीत सांगत फिरू का?” त्या वैतागल्या होत्या, माझ्यावर नव्हे, पण आवाज तोच होता. “म्हणून म्हटलं, हाच घरातनं काढावा. नसलाच तर कशावर बोट ठेवतील? फेकायचा तर जीव होत नाही. बाहेरच्या कोणाला दिला तर विचारतील. चारुताकडं गेला की गेला. इथं ठेवा म्हणत होतीस तू, कोणाकडं ठेवू? त्या पोरीच्या टेबलाखाली? उद्या निरंजन येऊन परत घेऊन गेला असता, आणि पुन्हा तिथंच.”

“मला आधी सांगायचं होतंत,” मी कशीबशी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. म्हणाली असतीस, राहू द्या, मला काही होत नाही.”

मी अगदी तेच म्हणाले असते. शब्दसुद्धा तेच.

“मॅडम, चार नंबर पुढच्या दारानं. तुमचा सत्तावीस, मागच्या दारानं,” दाराशी उभा असलेला मुलगा आमचे कागद बघत म्हणाला.

“आम्ही एकत्र आहोत,” मी म्हणाले.

“जागा घेतल्या नव्हत्या का निवडून?”

“नाही,” मी म्हणाले. “त्याचे वेगळे पैसे होते.”

आई शिडी चढायला लागल्या. मला त्यांचा हात धरायचा होता, काहीतरी म्हणायचं होतं, पण त्यांच्यामागे माणसं होती आणि माझी रांग शेपटीकडे चालली होती. अर्ध्या शिडीवर त्या थांबल्या आणि वळून म्हणाल्या, “माझी बाटली तुझ्याकडंच राहिली.”

सत्ताविसाव्या रांगेत मला मधली जागा मिळाली. एका बाजूला झोपलेला माणूस, दुसऱ्या बाजूलाही झोपलेला माणूस. मला तिथे ना उठता येत होतं, ना रडता. मी समोरच्या पिशवीतलं खाद्यपदार्थांचं पत्रक काढलं आणि किमती वाचत बसले. किमती वाचताना माझं डोकं नेहमी थाऱ्यावर येतं.

गाडी ढकलत हवाईसुंदरी आली तेव्हा मी म्हणाले, “एक चहा.”

“शुअर मॅम.”

“मला नको. चार नंबरच्या रांगेत एक आजी आहेत. काळा चष्मा. त्यांना द्या.”

मी दीडशे रुपये दिले. ती पुढे गेली. खुर्च्यांच्या पाठींवरून मला काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती परत आली आणि वाकून म्हणाली, “मॅम, आजी पूछ रही हैं, कितना लिया?”

“काय सांगितलंत?”

“मैंने बता दिया।” ती हसू दाबत होती. “फिर उन्होंने बोला, आधा आपको दे दूँ।” तिच्या हातात कागदी पेला होता. चहा अर्धा होता आणि कोमट झाला होता. मी तो झोपलेल्या दोन माणसांच्या मधे बसून प्यायले.

कोचीला बॅग पट्ट्यावर आली तेव्हा पेल्याच्या चित्राची चिठ्ठी फाटून लोंबत होती. मी बॅग उचलली. आई पुढे झाल्या, “दे, चाकं आहेत, मी ओढते.”

“तुम्हाला वजन उचलायचं नाहीये,” मी म्हणाले, आणि गाडीपर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. घरात श्रीजितच्या नात्यातल्या बायका भरपूर, पण हे काय चाललंय ते माहीत असणाऱ्या आम्ही तिघीच. चारुता बाळ घेऊन बसलेली. आईंनी वरवंट्याला झबलं घातलं, टोपडं बांधलं, काजळाची तीट लावली. एरवी बारशाला या वेळी मला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं. मी उठलेही.

“कुठं निघालीस?” आई म्हणाल्या. “पाळण्याच्या पलीकडं कोण घेणार? ह्यांना काय येतंय?”

मी पलीकडे उभी राहिले. त्यांनी पाळण्याखालून दिला, मी घेतला आणि वरून परत दिला. पुन्हा त्यांनी दिला. दिवसभर वजनं हाताळून माझ्या हातांना एक सवय लागलेली आहे. काही घेतलं की आकडा आपोआप मनात येतो. त्या वेळी तो आला, आणि मी तो कोणाला सांगितला नाही. तेवढ्याच वजनाची बाळं जन्मतात. मग दगड पाळण्यात ठेवला, त्याच्याशेजारी बाळ ठेवलं, आणि मल्याळी बायका काहीतरी बोलून हसल्या, तर आम्हीही हसलो.

जेवणानंतर चारुता म्हणाली, “आई, हा परत न्यायचाय ना? कशात बांधून देऊ?”

मी ताटं गोळा करत होते. माझे हात थांबले.

“नेते कशाला,” आई म्हणाल्या. “विमानवाले काय भाडं घेतात त्याचं, विचार वहिनीला. माणसापेक्षा महाग. राहू दे इथंच.”

चारुताने माझ्याकडे पाहिलं. “खरंच वहिनी? किती?”

“दोन हजार चारशे,” मी म्हणाले.

“दगडाचे? वेड्या आहात का तुम्ही?”

“मी तेच म्हणत होते,” मी म्हणाले.

साताऱ्याला परतलो त्या आठवड्यात आळीत एक बारसं होतं. परचुरेकाकू मागायला आल्या, सवयीने सरळ स्वयंपाकघरात. ओट्याच्या कोपऱ्यात नुसता गोल डाग होता.

“अगं, वरवंटा कुठे गेला?”

मी पोळ्या लाटत होते. आई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, “कोचीला राहिला हो, वहिनी. नेला बारशाला, पण परत आणायचं भाडं फार. या हलक्या विमानांचं सगळं असंच. तिकीट स्वस्त दाखवतात आणि बाकी सगळ्याचे वेगळे काढतात.”

“म्हणजे किती घेतात?” काकूंनी मला विचारलं.

आई आणखी नऊ वर्षं होत्या. तेवढ्या काळात आळीतल्या प्रत्येकीने कधी ना कधी विचारलं, आणि प्रत्येक वेळी त्या हेच उत्तर देत, तितक्याच वैतागाने, कंपनीचं नाव घेऊन. मग विचारणारी माझ्याकडे वळायची. नेमका आकडा मी सांगायचे.